कोच बदलला, शिक्षा तीच: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली थकबाकी

ज्यांना इयरफोन लावून अख्खा एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो, मध्ये चहा प्यायलो, ते गाळलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

तर झालं असं. इंजिनिअरिंगचा माझा रूममेट एमएस करायला कोलंबसला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. कोलंबस म्हणजे अमेरिकेतलं ओहायो राज्य, आणि तिथलं ओहायो स्टेट विद्यापीठ. पहिल्या वर्षी याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही. शनिवारी रस्ते का तुंबतात, एवढंच कळायचं. आता हाच पठ्ठ्या लाल जर्सी घालून टीव्हीसमोर बसतो. मागच्या आठवड्यात त्याची व्हॉइस नोट आली: "अरे, आमच्या ऑफिसमधला एक सीनियर अजून २०१२ च्या नावाने रडतो. म्हणे त्या वर्षी आम्ही एकही मॅच हरलो नाही, तरी आम्हाला पुढे खेळू दिलं नाही. कारण काय, तर आधीच्या कोचने घोळ केला होता. कोच बदलला की जुनी शिक्षा संपत नाही का रे?"

नाही संपत. पण 'नाही' म्हणून एपिसोड संपवण्याइतकं ते सोपंही नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे कॉलेजची टीम म्हणजे दुपारी लेक्चर बुडवून मॅच बघायला आलेली चाळीस पोरं. तिकडे तसं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,००० च्या वर आहे. आपल्या वानखेडेची साधारण ३३,०००. म्हणजे तीन वानखेडे भरतील एवढे लोक विद्यार्थ्यांची मॅच बघायला येतात. आणि फुटबॉल म्हणजे तो हातात धरून पळायचा, अमेरिकन फुटबॉल. नियमित मोसमात साधारण १२ सामने. ते चांगले गेले तर डिसेंबर-जानेवारीत 'बाउल' नावाचे मानाचे सामने आणि त्यातल्या अव्वल टीम्सना राष्ट्रीय विजेतेपदाची संधी.

या सगळ्यावर देखरेख ठेवते एनसीएए ही संघटना. आता यातली मेख अशी की, एनसीएएचं सदस्य विद्यापीठ असतं, कोच नसतो. कोच हा विद्यापीठाचा नोकर. त्यामुळे नियम मोडला की मुख्य शिक्षा बसते ती सदस्यावर.

सोपं करून सांगतो. तुम्ही रिसेलचा फ्लॅट घेतलात. आधीच्या मालकाने तीन वर्षं मेंटेनन्स भरला नव्हता. सोसायटीचे सेक्रेटरी काका पहिल्याच दिवशी दारात उभे. तुम्ही म्हणाल, "काका, मी तर काल आलो." काका म्हणतील, "थकबाकी फ्लॅटवर आहे हो, तुमच्यावर थोडीच आहे. पण फ्लॅट आता तुमचा." नव्या कोचचं अगदी हेच होतं. शिक्षा त्याच्या नावावर नसते. ती त्याच्या खुर्चीवर असते आणि खुर्चीत आता तो बसलेला असतो.

आता त्या सीनियरच्या जखमेकडे येऊ, कारण मला स्वतःला हे प्रकरण सगळ्यात जास्त शिकवून जातं.

ओहायो स्टेटचे कोच होते जिम ट्रेसेल. त्यांच्या काही खेळाडूंनी मिळालेल्या वस्तू, जर्सी, आठवणीच्या चिजा वगैरे देऊन पैसे आणि फुकट टॅटू घेतले. हो, टॅटू. नियमात हे बसत नव्हतं. ट्रेसेलना एप्रिल २०१० मध्ये ईमेलने हे कळलं आणि त्यांनी ते दाबून ठेवलं. सगळं बाहेर आल्यावर मे २०११ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते वर्ष हंगामी कोचवर निघालं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये अर्बन मायर या नावाजलेल्या कोचला आणलं. मायर तेव्हाच्या घोळात कुठेही नव्हते. ते त्या काळात फ्लोरिडाला होते.

मायरना येऊन महिनाही झाला नव्हता, तोवर डिसेंबरमध्ये एनसीएएचा निकाल आला. २०१२ च्या मोसमानंतर बाउल बंदी. तीन वर्षांत मिळून ९ स्कॉलरशिप कमी.

आता यातली बोचणारी गोष्ट ऐका. २०११ ची टीम ६-६ अशी रडतखडत आली होती. विद्यापीठाला स्वतःहून म्हणता आलं असतं की 'या वर्षी आम्ही बाउल खेळत नाही, हीच आमची शिक्षा समजा'. असं करायची पद्धत आहे, आणि समितीही मग थोडी मऊ पडते. पण विद्यापीठाला वाटलं, बंदी येणारच नाही. ते जानेवारी २०१२ मध्ये गेटर बाउल खेळायला गेले आणि हरले. एका सुमार टीमसाठी त्यांनी ती वेळ वापरून टाकली.

मग आला २०१२ चा मोसम. मायरची टीम १२ पैकी १२ जिंकली. शेवटचा सामना कट्टर वैरी मिशिगनविरुद्ध, २६-२१. आणि तिथेच वर्ष संपलं. पुढे काही नाही. नोटर डेम तेव्हा १२-० होती, ती विजेतेपदाच्या सामन्यात गेली आणि अलाबामाकडून ४२-१४ अशी सपाटून हरली. ओहायो स्टेटवाले घरी बसून बघत होते. सीनियरचं रडणं आता मला तरी कळतं.

म्हणजे बघा, मायरना नुसता ट्रेसेलचा घोळ वारशात मिळाला नाही. विद्यापीठाच्या वरच्या लोकांनी मधल्या काळात लावलेला आणि हरलेला जुगारही मिळाला. नवीन कोच येतो तेव्हा तो एका माणसाची जागा घेत नसतो, एका चालू फाइलमध्ये शिरत असतो.

आणि ट्रेसेल? त्यांना मिळाली पाच वर्षांची 'शो-कॉज'. आपल्याकडे ऑफिसात 'कारणे दाखवा' नोटीस मिळते ती हीच, पण तिकडे ती वेगळ्या अर्थाने चालते. कारण कोचने दाखवायचं नसतं. त्याला पुढे नोकरी देणाऱ्या कॉलेजने दाखवायचं, की 'या माणसाला घेतलं म्हणून आम्हाला शिक्षा का करू नये'. एवढी कटकट कोण घेणार? त्यामुळे प्रत्यक्षात ती कॉलेज कोचिंगमधली बंदीच ठरते. ही शिक्षा मात्र शंभर टक्के माणसाबरोबर जाते, खुर्चीवर राहत नाही. मायरवर तिचा काडीचा परिणाम नाही.

पण शो-कॉज चालते ती एनसीएएच्या अंगणात. ट्रेसेल पुढे विद्यापीठांच्या प्रशासनात गेले, २०१४ मध्ये यंगस्टाउन स्टेटचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ते ओहायो राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. यावर मी काही बोलत नाही.

आणखी एक गोष्ट माणसाबरोबर राहते: खोडलेले विजय. ओहायो स्टेटचा २०१० चा अख्खा मोसम रेकॉर्डमधून काढला गेला. गंमत म्हणजे असे विजय खोडले तरी हरलेल्या टीमला जिंकल्याचं श्रेय मिळत नाही. मॅच झाली, लोकांनी बघितली, स्कोअर सगळ्यांना पाठ आहे, पण वहीत विजय नाही. ते ट्रेसेलच्या खात्यातून वजा झाले. मायरचं खातं कोरं होतं, कोरंच सुरू झालं.

आता दुसरं प्रकरण, लॉस एंजेलिसचं यूएससी. ते एमएसवाल्यांना माहीतच असेल, आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे जातात. तिथला स्टार खेळाडू रेजी बुश याने आणि त्याच्या घरच्यांनी एजंट व्हायला निघालेल्या लोकांकडून पैसे आणि घर वगैरे घेतलं, असा एनसीएएचा निष्कर्ष होता. कोच होते पीट कॅरोल. जानेवारी २०१० मध्ये कॅरोल एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, सिॲटल सीहॉक्सकडे गेले. यूएससीने लेन किफिनना आणलं. जूनमध्ये निकाल: दोन वर्षं बाउल बंदी, तीन वर्षांत ३० स्कॉलरशिप कमी, चार वर्षं प्रोबेशन आणि आधीचे विजय रद्द, त्यात जानेवारी २००५ चा विजेतेपदाचा सामनाही आला.

यातली बाउल बंदी सगळ्यांना दिसते. स्कॉलरशिपची कात्री दिसत नाही, पण खरी तीच चावते. तेव्हा टीमला जास्तीत जास्त ८५ स्कॉलरशिप देता यायच्या. यूएससीला ७५. दहा माणसं कमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? पण या खेळात दर आठवड्याला कोणीतरी जखमी होतं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत बदली खेळाडूंची बाकं रिकामी व्हायला लागतात. आणि हे एका वर्षाचं नसतं. ज्या बॅचमध्ये तुम्ही कमी पोरं घेतली, त्या बॅचची पोकळी चार वर्षं टीममध्ये सरकत राहते. २०११ मध्ये किफिनची टीम १०-२ होती, तरी बंदीमुळे विभागाच्या फायनलला ६-६ वाली शेजारची यूसीएलए गेली. २०१२ मध्ये मोसमाआधी यूएससी देशात पहिल्या क्रमांकावर होती, शेवट ७-६. याला एकटी शिक्षाच कारणीभूत होती असं मी म्हणणार नाही, किफिनही तेव्हा काही खास चालले नव्हते. सप्टेंबर २०१३ मध्ये एका पराभवानंतर टीम परतली आणि विमानतळावरच त्यांची नोकरी गेली. चार महिन्यांनी कॅरोलनी सिॲटलला सुपर बोल जिंकून दिला, ४३-८.

किफिन पूर्ण नवखे नव्हते हेही सांगायला हवं. बुश तिथे खेळायचा तेव्हा ते कॅरोलचे सहायक होते. पण शिक्षेचा हिशेब त्यांच्या नावावर नव्हता, हे खरं. आणि तो बुश? २०१० मध्ये त्याने हाइसमन ट्रॉफी सोडली, एप्रिल २०२४ मध्ये ती परत मिळाली. कारण तोवर कॉलेज खेळाडूंनी पैसे कमावणं उघडपणे चालू झालं होतं.

सगळ्यात जुनं आणि भयानक उदाहरण डॅलसच्या एसएमयूचं. खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात होते, तेही आधीच्या शिक्षेचं प्रोबेशन चालू असताना. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने त्यांचा १९८७ चा मोसमच रद्द केला. १९८८ चा विद्यापीठाने स्वतः रद्द केला. याला लोक 'डेथ पेनल्टी' म्हणतात. मग फॉरेस्ट ग्रेग आले. ते याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, एनएफएलमधलं मोठं नाव, ग्रीन बे पॅकर्सचं कोचपद सोडून आले होते. त्यांच्या हातात बहुतेक पहिल्या वर्षाची पोरं. १९८९ मध्ये ह्यूस्टनने त्यांना ९५-२१ ने हरवलं. मोसम २-९. एसएमयूला पुन्हा बाउल खेळायला २००९ उजाडलं. मध्ये किती कोच आले-गेले, त्यातल्या कोणीही त्या पाकिटांना हात लावला नव्हता.

इथे प्रोबेशन हा शब्द नीट समजून घ्या. आपल्याला तो नोकरीतल्या पहिल्या सहा महिन्यांसाठी माहितीय. तिकडे त्याचा अर्थ असा की, या काळात पुन्हा काही केलंत तर डबल मार बसेल. आणि ते घड्याळ नव्या कोचसाठी शून्यावर येत नाही. त्याची पहिली चूक विद्यापीठाची तिसरी ठरू शकते.

मला हे वाचताना माझी पहिली नोकरी आठवली. जॉइन झालो, तिसऱ्या दिवशी रात्री दोनला फोन. पेमेंटचं काहीतरी बंद पडलं. कोड ज्याने लिहिला तो दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे गेलेला, तेही वाढीव पॅकेजवर. मीटिंगमध्ये ग्राहक मलाच विचारतोय, "तुम्ही असं का केलंत?" पण माझं नुकसान काय झालं, तर दोन रात्रींची झोप. इथे प्रश्न वेगळा आहे, आणि इथून पुढचा भाग कोचचा नाहीच.

कोचला या सगळ्याचे कोट्यवधी डॉलर मिळतात. त्याला फाइल माहीत असते, त्याचा वकील ती वाचतो. बरेच कोच करारातच लिहून घेतात की जुन्या प्रकरणाची शिक्षा आली तर माझा करार वाढवा. खरा मार बसतो तो एकोणीस वर्षांच्या पोराला. कॉलेज खेळाडूला खेळायला साधारण चार मोसम मिळतात. दोन वर्षांची बंदी म्हणजे त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतला अर्धा भाग. आणि यातले बहुतेक पुढे एनएफएलला जात नाहीत, त्यांचं फुटबॉल तिथेच संपतं. टॅटूवाल्या प्रकरणातले मुख्य खेळाडू २०१२ पर्यंत निघून गेले होते. बंदी भोगली ती नंतरच्यांनी.

आपल्याकडे २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थानला आयपीएलमधून दोन वर्षं बाहेर काढलं, आठवतंय? फ्रँचायझी बाहेर, पण धोनी पुण्याकडून खेळला. २०१७ ला पुणे फायनलला पोचलं आणि मुंबईकडून एका रनाने हरलं, पुणेकरांची माफी मागतो. मुद्दा असा की तिथे खेळाडूंना दुसरं दार उघडलं होतं. अमेरिकेत तेव्हा कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बसून काढावं लागायचं. मोठ्या शिक्षेत सवलत मिळायची, म्हणजे यूएससीच्या वरच्या वर्षातल्या खेळाडूंना लगेच दुसरीकडे खेळायची मुभा दिली गेली. पण मग नव्या कोचच्या हातातून उरलीसुरली टीमही जाते.

हे पेन स्टेटमध्ये घडलं. ते प्रकरण मुलांच्या लैंगिक शोषणाचं होतं, खेळाच्या नियमांचं नव्हे, त्यामुळे त्यावर मला इथे हलकंफुलकं बोलायचं नाही. फक्त आपल्या प्रश्नापुरतं: बिल ओब्रायन जानेवारी २०१२ मध्ये कोच झाले, जुलैत ६ कोटी डॉलर दंड आणि चार वर्षांची बाउल बंदी आली. सगळ्या खेळाडूंना सोडून जायची मुभा. ओब्रायननी उरलेल्यांना घेऊन ८-४ आणि ७-५ असे मोसम काढले आणि एनएफएलला गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये एनसीएएने बंदी उठवली. तेव्हा खुर्चीत जेम्स फ्रँकलिन होते. हप्ते एकाने भरले, कर्जमाफी दुसऱ्याच्या काळात आली.

हळूहळू एनसीएएला हे पटलं असावं, कारण जानेवारी २०२२ मध्ये त्यांची नवी घटना मंजूर झाली. त्यात आलं की, ज्यांचा घोळाशी संबंध नाही अशा खेळाडूंना शक्य तितकं शिक्षेपासून दूर ठेवायचं. याची परीक्षा टेनेसीत झाली. तिथले कोच जेरेमी प्रूट यांना जानेवारी २०२१ मध्ये काढलं, जॉश ह्यूपेल आले. नियमभंगांची संख्या २०० च्या वर. जुन्या काळात एवढ्यावर टीम दोन-तीन वर्षं घरी बसली असती. जुलै २०२३ च्या निकालात बाउल बंदी नव्हती. प्रूटना सहा वर्षांची शो-कॉज, विद्यापीठाला ८० लाख डॉलरच्या वर दंड, पाच वर्षं प्रोबेशन आणि २८ स्कॉलरशिपची कात्री. यातल्या बऱ्याच स्कॉलरशिप विद्यापीठाने निकालाआधीच स्वतःहून कापल्या होत्या, म्हणजे ह्यूपेलनी वारसा आधीच भोगायला घेतला होता. तरी २०२२ मध्ये त्यांनी अलाबामाला ५२-४९ ने हरवलं आणि ऑरेंज बाउलही जिंकला. ओहायो स्टेटच्या २०१२ च्या पोरांना हे बघून काय वाटलं असेल!

मग मिशिगन. तिथल्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचला माणसं पाठवून त्यांच्या खुणा चोरायचं जाळं उभं केलं होतं. टीम जानेवारी २०२४ मध्ये विजेती झाली, त्याच महिन्यात कोच जिम हार्बॉ एनएफएलच्या चार्जर्सकडे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल आला. समितीचं म्हणणं असं की, हे प्रकरण बाउल बंदीच्याच लायकीचं आहे, पण ती दिली तर जे लोक निघून गेले त्यांच्या करणीची शिक्षा आताच्या खेळाडूंना होईल. म्हणून बंदीऐवजी पैसे: दोन मोसमांत बाउल वगैरेमधून मिळणारं उत्पन्न दंड म्हणून, शिवाय फुटबॉल बजेटच्या १० टक्के. सगळं धरून दोन कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज. हार्बॉंवर आधीच्या एका प्रकरणातली चार वर्षांची शो-कॉज होती, तिच्या पुढे आणखी दहा वर्षांची जोडली.

इथे तेव्हाचे नवे कोच शेरॉन मूर यांच्यावरही कारवाई झाली, सामन्यांची बंदी आणि दोन वर्षांची शो-कॉज. पण हा वारसा नव्हे. ते हार्बॉंचे सहायक होते आणि त्या कर्मचाऱ्याबरोबरचे मेसेज त्यांनी डिलीट केले होते. ती त्यांची स्वतःची शिक्षा. म्हणून 'नवीन कोच' म्हटलं की मी आधी विचारतो, बाहेरून आलाय की त्याच ड्रेसिंग रूममधून बढती मिळालीय?

पैशाच्या शिक्षेवर माझं समाधान झालंय का? अर्धंच. दोन कोटी डॉलर मिशिगनला जड आहेत, पण विजेतेपदाची ट्रॉफी कपाटातच आहे. काही विद्यापीठं हा हिशेब आधीच करून ठेवतील, अशी भीती वाटते. आणि फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती असे छोटे खेळ चालतात. कात्री लागली तर ती आधी तिकडेच लागेल, म्हणजे पुन्हा संबंध नसलेलीच पोरं. तरीही, १२-० करून घरी बसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

हे सगळं मी रूममेटला पाठवलं, बरोबर एक आठवणही. २०१४ च्या मोसमात याच मायरनी ओहायो स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, तेही तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला घेऊन. म्हटलं, सीनियरला सांग, झालं ना सगळं ठीक?

काल उत्तर आलं. सीनियर म्हणाला, "ती वेगळी पोरं होती."

पुढच्या एपिसोडला ट्रान्सफर पोर्टल घेऊ, प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा. भेटू.